रुपयाची प्रत आणि रुपयाचा पुरावा : चांदीच्या नाण्यांच्या प्रतवारीची समीक्षा

बीजशब्द : नाणकशास्त्र, प्रतवारी, झीज, कलदार रुपया, पुनर्मुद्रांकन, निधी

प्रस्तावना

भिवंडीहून कल्याणकडे जाणाऱ्या मार्गावरील टेमघर आणि त्याच्या आसपासच्या वस्त्यांमध्ये जुनी घरे पाडून नव्या इमारती उभ्या राहत आहेत. घर मोडताना जुन्या पेट्या, फडताळे, देव्हारे उघडले जातात आणि त्यांतून कधी एखादा राणीछाप किंवा राजाछाप रुपया हाती येतो. अशा वेळी त्या रुपयाविषयी दोन प्रश्न हमखास विचारले जातात. ‘किती जुना आहे?’ हा पहिला आणि ‘किती येतील?’ हा दुसरा. पहिल्याचे उत्तर नाण्यावरच लिहिलेले असते. दुसऱ्याचे उत्तर ज्या गोष्टीवर अवलंबून असते तिला नाणेसंग्राहकांच्या परिभाषेत ‘प्रत’ किंवा ‘ग्रेड’ असे म्हणतात.

नाण्याची प्रत ठरविणे म्हणजे त्याच्या जतनाची अवस्था ठरविणे. टांकसाळीतून बाहेर पडतानाचे नाणे आणि आज हातात असलेले नाणे यांत किती अंतर पडले आहे, याचे ते मोजमाप होय. ही पद्धत आता भारतातही रुळली असून लिलावाच्या सूचिपत्रांपासून हौशी संग्राहकांच्या संवादापर्यंत तिचाच आधार घेतला जातो. परंतु प्रतवारीचे निकष कोठून आले, ते कोणत्या प्रकारच्या नाण्यांसाठी तयार झाले आणि महाराष्ट्रातील चांदीच्या नाण्यांना ते कितपत लागू पडतात, याची चिकित्सा फारशी होताना दिसत नाही. प्रस्तुत लेखात ती करण्याचा प्रयत्न केला आहे. प्रतवारी ही नाणे पाहण्याची उत्तम शिस्त आहे. परंतु नाण्याचे मूल्य ठरविण्याचा एकमेव निकष म्हणून ती स्वीकारल्यास इतिहासाचे नुकसान होते, हे येथील मुख्य प्रतिपादन आहे.

पारखीची पूर्वपरंपरा

नाणे पारखण्याची कला या प्रदेशाला नवी नाही. सराफ आणि पोतदार या दोन्ही नावांमागे हाच व्यवसाय उभा आहे. सरकारी खजिन्यात येणारी नाणी तपासून खरे-खोटे वेगळे करणे हे पोतदाराचे काम होते. निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये एकाच बाजारात चालत असल्यामुळे एका रुपयाची दुसऱ्याशी बरोबरी करताना ‘बट्टा’ आकारला जाई. मुघल व्यवहारात नुकताच पाडलेला रुपया ‘सिक्का’, त्याआधीचा ‘चलनी’ आणि पूर्वीच्या कारकिर्दीतला ‘खजाना’ अशी विभागणी होती. नाणे जुने होत जाईल तसा त्याचा बट्टा वाढत असे. शंका आल्यास सराफ नाण्यावर लहानसा ठसा मारून आतील धातू पाहत असे. अनेक जुन्या रुपयांवर आजही असे ठसे दिसतात.

या पारखीचा रोख धातूवर होता. नाणे सुंदर आहे की नाही, याच्याशी सराफाला कर्तव्य नव्हते. त्यात चांदी किती उरली आहे, एवढेच तो पाहत असे. १८३५च्या सतराव्या कायद्याने कंपनी सरकारने आपल्या मुलखासाठी एकच प्रमाणित रुपया ठरविला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम असून त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी होती. हेच वजन पुढे एक तोळा म्हणून रूढ झाले आणि घरोघरी रुपया हा वजनाचे माप म्हणूनही वापरला गेला. यंत्रावर पाडलेल्या या रुपयाला लोकांनी ‘कलदार’ हे नाव दिले. १९०६च्या नाणेविषयक कायद्याने झिजेची मर्यादाही आखून दिली. प्रमाणित वजनापेक्षा शेकडा दोनहून अधिक घट झालेला रुपया कायदेशीर चलन राहत नसे. म्हणजे साधारणतः ११.४३ ग्रॅमच्या खाली गेलेला रुपया घेण्यास समोरचा मनुष्य बांधील नव्हता. कायद्याच्या दृष्टीने रुपयाच्या प्रती दोनच होत्या, चालणारा आणि न चालणारा.

सत्तर अंकांची पट्टी

आजच्या प्रतवारीचा उगम मात्र सराफकट्ट्यावर किंवा कायद्यात नसून संग्राहकांच्या बाजारात आहे. ‘फाइन’, ‘व्हेरी फाइन’, ‘एक्स्ट्रिमली फाइन’, ‘अनसर्क्युलेटेड’ ही शब्दावली इंग्रजी संग्राहकांकडून आली. तिला अंकांची जोड दिली ती अमेरिकेतील विल्यम शेल्डन यांनी. १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अर्ली अमेरिकन सेंट्स’ या ग्रंथात त्यांनी १ ते ७० अशी पट्टी मांडली. जेमतेम ओळखू येणारे नाणे १ आणि सर्वथा निर्दोष नाणे ७०. विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात अमेरिकी नाणकसंस्थेने ही पट्टी सर्वच नाण्यांसाठी स्वीकारली. १९८६ पासून पीसीजीएस आणि १९८७ पासून एनजीसी या कंपन्या शुल्क घेऊन नाण्याला अंक देऊ लागल्या. अंक दिलेले नाणे कडक प्लॅस्टिकच्या बंद पेटीत मिळते.

या पट्टीविषयी दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, ती अमेरिकेच्या आरंभीच्या तांब्याच्या सेंट नाण्यांसाठी तयार झाली; भारतीय चांदी तिच्या कर्त्यासमोर नव्हती. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. शेल्डन यांच्या मूळ कल्पनेत हे अंक किमतीचे गुणक होते. सर्वांत हलक्या प्रतीच्या नाण्याची किंमत एक धरली, तर ७० अंकांच्या नाण्याची किंमत तिच्या सत्तरपट असावी, असा त्यामागील हिशेब होता. पुढे किमती वाढल्या, हिशेब कोलमडला. अंक मात्र राहिले. ज्या पट्टीला आज वस्तुनिष्ठ मोजमाप मानले जाते ती मुळात एका विशिष्ट काळातील, एका विशिष्ट बाजाराची दरसूची होती, ही बाब प्रतवारीच्या समर्थकांकडून क्वचितच सांगितली जाते.

राणीछाप रुपयाची तपासणी

तरीही प्रतवारीने पाहण्याची जी शिस्त दिली तिचे महत्त्व नाकारता येत नाही. १८६२ पासूनच्या व्हिक्टोरिया राणीच्या रुपयाचे उदाहरण घेता येईल. नाणे बोटांनी कडेवर धरून एका दिव्याच्या तिरप्या प्रकाशात हळूहळू फिरविले, तर न वापरलेल्या नाण्यावर प्रकाशाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांप्रमाणे फिरताना दिसतो. ठसा बसताना धातू बाहेरच्या दिशेने सरकतो व पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा पडतात. ही चमक त्यांची असते. झीज प्रथम सर्वांत उंच भागांवर होते. राणीच्या रुपयावर कानाजवळील केस, मुकुटावरील नक्षी आणि पोशाखावरील वेलबुट्टी आधी सपाट होतात. सातव्या एडवर्डच्या रुपयावर मस्तक मुकुटाविना असल्यामुळे कान व त्यावरील केस पाहावे लागतात. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर मुकुट, दाढी आणि झग्यावरील हत्ती.

नवशिक्याची गफलत होते ती झीज आणि अपुरा ठसा यांत. ठसा नीट न बसल्यामुळे सपाट राहिलेला भाग आणि हाताळणीने सपाट झालेला भाग प्रथमदर्शनी सारखेच दिसतात. मात्र अपुऱ्या ठशाच्या जागी मूळ चकतीचा खडबडीतपणा व चमक टिकून असते. झिजलेल्या जागी पृष्ठभाग गुळगुळीत आणि राखाडी होतो. बनावट नाणे ओळखण्यासाठीही हीच शिस्त उपयोगी पडते. वजन, व्यास, कडेवरील खाचा यांबरोबर घनता पाहिली जाते. या मिश्रधातूची घनता सुमारे १०.३ असते, तर जर्मन सिल्व्हरची त्याहून स्पष्टपणे कमी. ओतीव नकलेवर बारीक छिद्रे, बोथट अक्षरे आणि कडेवर सांधा दिसतो. १९४० पासून रुपयातील चांदीचे प्रमाण निम्म्यावर आणून त्यात तांबे, निकेल व जस्त मिसळण्यात आले. त्यामुळे त्या काळातील नाणे झिजल्यावर वेगळ्याच रंगाचे दिसते. हे सर्व ज्ञान प्रतवारीच्या निमित्ताने साठत गेले. ते नाणकशास्त्राच्या विद्यार्थ्याने अवश्य आत्मसात करावे.

झिजेमुळे केवळ सौंदर्य जाते असेही नाही. १८६२ हेच साल पुढे अनेक वर्षे पाडलेल्या रुपयांवर कायम राहिले. या नाण्यांचा काळ व टांकसाळ ठरविताना अभ्यासक मागील बाजूवरील बारीक टिंबांचा आधार घेतात. ही टिंबे पुसली गेली की नाण्याची माहितीही पुसली जाते. येथे प्रत आणि पुरावा एकमेकांच्या सोबतीने चालतात. अडचण सुरू होते ती दोघांच्या वाटा वेगळ्या होतात तेथे.

हाती पाडलेले नाणे

पेशवाईतील चांदवडी किंवा अंकुशी रुपया पट्टीवर ठेवला की ही फारकत स्पष्ट होते. हे रुपये हाताने, हातोड्याच्या घावाने पाडले जात. ठसा चकतीपेक्षा मोठा असे. त्यामुळे ठशावरील संपूर्ण मजकूर एका नाण्यावर सहसा उमटतच नसे. बादशहाचे नाव, टांकसाळीचे नाव, साल आणि अंकुशासारखे चिन्ह यांपैकी काय चकतीवर आले आणि काय बाहेर राहिले, हे घावाच्या जागेवर अवलंबून होते. एकाच दिवशी एकाच ठशाने पाडलेली दोन नाणीही त्यामुळे भिन्न दिसू शकतात.

अशा नाण्याच्या बाबतीत ‘टांकसाळीतून निघतानाचे परिपूर्ण रूप’ ही कल्पनाच लागू होत नाही, कारण तसे रूप अस्तित्वातच नव्हते. पट्टीचा शेवटचा अंक ज्या आदर्शावर उभा आहे तो यंत्राचा आदर्श आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला ज्याचा उपयोग आहे तो मजकुराचा. टांकसाळीचे नाव चकतीबाहेर गेलेले कोरे-करकरीत नाणे आणि टांकसाळीचे नाव वाचता येणारे झिजलेले नाणे यांत अभ्यासक दुसरे निवडील. पट्टी पहिल्याला वरचा अंक देईल. सराफाचा ठसा पट्टीच्या दृष्टीने इजा आहे. अभ्यासकाच्या दृष्टीने मात्र ते नाणे बाजारात फिरले, कोणीतरी त्याच्यावर शंका घेतली आणि ते कसोटीला उतरले, याची ती नोंद आहे.

जोगलटेंभीचा दाखला

या मतभेदाचे सर्वांत बोलके उदाहरण महाराष्ट्रातच आहे. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे क्षहरात क्षत्रप नहपान याच्या चांदीच्या नाण्यांचा निधी सापडला. त्यात तेरा हजारांहून अधिक नाणी होती आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली होती. नहपानाच्या चेहऱ्यावरच पर्वताचे चिन्ह, मागील बाजूच्या बाण व वज्रावर उज्जैन चिन्ह, असे त्या नाण्यांचे स्वरूप आहे. मूळचा चेहरा व लेख त्यामुळे बिघडले. प्रतवारीच्या कठोर भाषेत ही नाणी ‘खराब झालेली’ ठरतात.

परंतु याच बिघाडाने इतिहासाचा एक मोठा प्रश्न सोडविण्यास मदत केली. नाशिकच्या लेण्यातील गौतमी बलश्रीच्या लेखात गौतमीपुत्राने क्षहरातांचा समूळ नाश केल्याचा उल्लेख आहे. तो केवळ स्तुतिपर नसून वस्तुस्थितीला धरून आहे, याला या नाण्यांनी भरभक्कम दुजोरा दिला. ज्याचे चलन दुसऱ्याच्या ठशाखाली गेले त्याची सत्ताही गेली, असा निष्कर्ष त्यातून निघाला.

आता याच निधीवर आजची बाजारू प्रतवारी लागू झाली असती तर काय घडले असते, याचा विचार करावा. चेहरा स्वच्छ असलेली नाणी आधी वेगळी निघाली असती आणि एकेक करून निरनिराळ्या संग्रहांत गेली असती. उरलेली ढिगाने, वजनावर विकली गेली असती. काही मुशीत गेली असती. जे पुनर्मुद्रांकित नाणे एकटे पाहिल्यास विद्रूप दिसते ते हजारोंच्या सोबत पाहिल्यावरच बोलू लागते. निधीचा अर्थ संख्येत असतो, प्रमाणात असतो, कोणते नाणे किती झिजले आहे याच्या तुलनेत असतो. कोरे नाणे सांगते की ते पाडल्यानंतर लवकरच पुरले गेले. झिजलेले नाणे सांगते की त्याने बराच काळ हात बदलले. सोपाऱ्याच्या स्तूपात १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांना अवशेषांसोबत यज्ञ सातकर्णीचे चांदीचे नाणे मिळाले, तेव्हा त्या एका नाण्याने संपूर्ण निक्षेपाच्या कालनिश्चितीला आधार दिला. तेथे महत्त्व नाण्याच्या अंकाला नव्हते; ते कोठे, कशासोबत मिळाले याला होते. प्रतवारी नाण्याला त्याच्या संगतीतून बाहेर काढते, हा तिच्यावरील सर्वांत गंभीर आक्षेप आहे.

घरातील चांदी

हाच आक्षेप लहान प्रमाणात घरातील रुपयालाही लागू होतो. पेटीतून निघालेल्या तीन राणीछाप रुपयांची कल्पना करावी. पहिला दर लक्ष्मीपूजनाला चिंचेने व राखेने घासलेला, लखलखीत. दुसरा कापडाच्या पुरचुंडीत पडून काळवंडलेला, वजन ११.४० ग्रॅम. तिसऱ्याच्या कडेवर डाखाची खूण; कधीकाळी कडी लावून तो माळेत ओवलेला असावा.

घरातील माणसाला पहिला रुपया उत्तम वाटतो. बाजार त्याला जवळजवळ बाद ठरवितो, कारण घासण्याने मूळ पृष्ठभाग कायमचा गेलेला असतो आणि प्रतवारी कंपन्या अशा नाण्याला पूर्ण अंक देण्यास नकार देतात. बाजार दुसऱ्याला पसंती देतो. त्यावरचा काळा थर हा चांदी व गंधक यांच्या संयोगाने बनलेला असून तो खालच्या पृष्ठभागाला राखतो. १९०६च्या कायद्याने मात्र हाच दुसरा रुपया चलनातून बाद केला असता. तिसरा बाजाराला नको असतो आणि सराफ तो वजनाने घेतो. परंतु रुपया स्त्रीधन म्हणून कसा वापरला गेला, चलनाचा दागिना कसा झाला, याचा पुरावा तिघांपैकी त्याच्यापाशीच आहे. घर, बाजार, कायदा आणि इतिहास अशा चार पारखी एकाच वस्तूसमोर उभ्या राहिल्या की चार वेगवेगळे निकाल मिळतात. त्यांपैकी एकाच निकालाला ‘प्रत’ म्हणणे हे इतर तिघांवर अन्याय करणारे आहे.

यावर असा प्रतिवाद केला जाईल की, प्रतवारीने इतिहास सांगण्याचा दावा कधीच केला नाही. खरेदीदाराची फसवणूक टाळणे एवढेच तिचे काम आहे. हा प्रतिवाद अंशतः मान्य करावा लागतो. दूरच्या खरेदीदाराला नाणे हाती न घेता त्याची अवस्था कळावी, यासाठी समान परिभाषा हवीच. परंतु व्यवहारात अंक हा वर्णनाच्या जागी बसतो. पेटीवरचा अंक वाचला जातो, नाणे वाचले जात नाही. शिवाय देव्हाऱ्यातला रुपया घासणे हे अज्ञान आहे, असा जो सूर लावला जातो तोही एकांगी आहे. ज्या घराने रुपयाला लक्ष्मी मानले त्याने त्याची सेवा केली. संग्राहकाचा दृष्टिकोन त्याच्यासमोर नव्हताच. मात्र घासण्याने जाणारी टिंबे परत येत नाहीत, हेही तितकेच खरे. यापुढे असा रुपया हाती आल्यास तो न घासता कोरड्या कागदी पाकिटात ठेवावा, एवढे सांगणे पुरेसे आहे.

नोंदीची पर्यायी पद्धत

महाविद्यालयांच्या इतिहास विभागांकडे अनेकदा विद्यार्थी, पालक वा ग्रामस्थ नाणी घेऊन येतात. तेव्हा अंक न देता नोंद करणे अधिक उपयुक्त ठरेल. अशा नोंदीत पाच बाबी असाव्यात. वजन, व्यास व धातू ही पहिली. ठसा किती व कोठे उमटला आहे, ही दुसरी. कोणत्या भागावर किती झीज आहे, ही तिसरी. सराफी ठसा, कडी, छिद्र, घासणे, पुनर्मुद्रांकन यांसारखे नंतरचे हस्तक्षेप ही चौथी. नाणे कोठे, कोणासोबत, कोणत्या इतर वस्तूंबरोबर मिळाले, ही पाचवी व सर्वांत दुर्लक्षित बाब. या पाच बाबी लिहिल्यानंतर ‘व्हेरी फाइन’ यांसारखा शब्द शेवटी जोडण्यास हरकत नाही.

उदाहरणादाखल, वरील तिसऱ्या रुपयाची नोंद ‘कड सदोष, प्रत नाही’ अशी न होता, ‘व्हिक्टोरिया, १८६२, चांदी, केस व पोशाख सपाट, माथ्याच्या बाजूस कडेवर डाख, घरातील स्त्रीच्या माळेतून’ अशी होईल. तिच्यात किंमत नाही, पण पुढच्या अभ्यासकाला उपयोगी पडेल असे सर्व काही आहे. जमिनीत सापडलेल्या निधीबाबत १८७८च्या निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक मूल्याचा निधी जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे आणि १९७२च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तूंमध्ये मोडतात, ही माहितीही त्याच वेळी देता येईल. नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणकशास्त्राच्या संशोधनाला वाहिलेली संस्था १९८० पासून अस्तित्वात आहे. मार्गदर्शनासाठी दूर जाण्याचे कारण नाही.

समारोप

प्रतवारीची शिस्त डोळ्यांना शिक्षण देते. झीज आणि अपुरा ठसा, मूळ चमक आणि घासलेली चकाकी, अस्सल आणि ओतीव यांतील फरक तिनेच शिकविला. परंतु तिचा अंक एका परदेशी बाजाराच्या दरसूचीतून आला असून तो यंत्राने पाडलेल्या नाण्याचा आदर्श गृहीत धरतो. हाती पाडलेल्या, पुन्हा ठोकलेल्या, पारखलेल्या, पुजलेल्या आणि ओवलेल्या नाण्यांना तो न्याय देऊ शकत नाही. आणि महाराष्ट्रातील चांदीचा मोठा भाग नेमक्या याच प्रकारचा आहे. टेमघरमधील एखाद्या मोडत्या घरातून निघालेला डाखाचा रुपया आज सराफाच्या तराजूत गेला, तर त्याची चांदी शिल्लक राहील. तो कोणाच्या माळेत होता, ही गोष्ट मात्र त्याच दिवशी संपेल. ती नोंदवून ठेवण्यास एक वजनकाटा, एक भिंग आणि एक वही पुरेशी आहे.